कोणीतरी होतं

चोडणला रात्री नऊनंतर दोनच आवाज:
फेरीबोटीचा पत्रा धक्क्याला घासतो तो,
आणि माझ्या कंट्रोलरची टकटक.
आई शेजारी, मांडीवर वर्तमानपत्र,
सुंगटं सोलतेय.
तिला ही मालिकाच वाटते,
जाहिराती नसलेली.

खेळातल्या बंदरावर सोरेल नावाची सुतारीण आहे.
फुटकी गलबतं सांधते, मोजकं बोलते,
डाव्या हाताला एक बोट कमी.
खेळणारा पुरुष असो, बाई असो,
पुरेसं डांबर आणून दिलं, दोनदा खरं बोललं,
की जीव लावते.

माझे दोन डाव जपून ठेवलेत.
पहिल्यात मी बाई.
दिव्याखाली सोरेल सांगते: युना होती.
सात वर्षं. वादळात गेली.
तिचाच रंधा वापरते मी अजून.
दुसऱ्यात मी पुरुष. तोच दिवा, तोच पेला,
आणि ती म्हणते, समवन.
रंधा आहे. कुणाचा, ते नाही.

लिहिणाऱ्यांनी युनाला दाराआड उभं केलंय,
नवा पाहुणा बिचकू नये म्हणून.
बाकी निवड सगळी माझी,
खोक्यावर ठळक छापलंय तसं.
सोरेलला कोणी विचारलं?
मी वळवीन तशी ती वळते,
आणि सबंध दिसते ती फक्त
दोन्ही डाव उघडून बसणाऱ्याला.
एकच खेळणाऱ्याला अर्धी मिळते
आणि ती अर्धी आहे हे त्याला आयुष्यात कळत नाही.

मे महिन्यात माझं लग्न.
हॉल ठरला, पत्रिकेचा कागद ठरला.
दीपराजला रोवीनाचं माहीत आहे.
रायबंदरच्या धक्क्यावर एकदाच विचारलं त्यानं,
"म्हणजे आता ते संपलं ना?"
मी म्हटलं, ती संपली. ते नाही.
तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला,
एक फेरी गेली, दुसरी लागली,
मग उठून मिरचीची भजी घेऊन आला.
तिखट होती. दोघांनीही संपवली.

"कितें म्हणटा गो तें?" आई विचारते.
पडद्यावर दुसरा डाव. दिवा. समवन.
इंग्रजीला बरंय, झाकून जाता येतं.
मी होता म्हणू, की होती म्हणू?
शाळेतलं व्याकरण आठवलं,
झाड, घर, पुस्तक, ते, ते, ते,
आणि खेळाच्या लेखकांइतकीच भित्री निघाले मी:
"कोण तरी आशिल्लें, म्हणटा."

आईचे हात थांबले.
तेव्हा लक्षात आलं, काय बोलून बसले.
आमच्या बोलीत लग्नाआधीची पोर म्हणजे तें.
शेजारचं चेडूं तें.
मी स्वतः ह्या घरात
एकोणतीस वर्षं तें.

"म्हळ्यार चेडूं," आई म्हणाली.

सोरेल तीन उत्तरांपाशी वाट बघत उभी.
तिला घाई नसते कधीच.
आईनं एक सुंगट सोललं. आणखी एक.
काळा दोरा ओढून काढला, कागदाला पुसला.

"आनी तुजें?
पोयेचो पुडो घेवन येतालें तें.
आतां खंय आसता?"

पंखा फिरत होता. मी पडद्याकडेच बघत होते,
जणू चौथं उत्तर तिथं उमटणार होतं.

"बाणावलीक."
"बरें आसा मगो?"
"आसा."

तिनं अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला.
मी कंट्रोलर खाली ठेवला आणि बसले सोलत,
बोटांना खारट वास,
पलीकडून शेवटच्या फेरीचा भोंगा.
दहा मिनिटांनी पडदा आपोआप काळा झाला.
डाव जपून ठेवायचा राहूनच गेला.